ॲबीपासून सुरुवात कर, पण तिथेच थांबू नकोस

आयरिश रंगभूमी समजून घ्यायची म्हणतोस, तर आधी सनावळ्या पाठ करायचं सोड. एकच प्रसंग नीट धर: जानेवारी 1907, डब्लिनचं ॲबी थिएटर. नाटककार जे. एम. सिंगच्या (Synge; हो, उच्चार ‘सिंग’च, ‘सिंज’ नव्हे) ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’मध्ये बाईच्या आतल्या कपड्याचा साधा उल्लेख आला आणि प्रेक्षागृहात दंगा उसळला. आठवडाभर पोलिसांच्या पहाऱ्यात प्रयोग झाले. खरा राग त्या शब्दाचा नव्हताच. खेड्यातला आयरिश माणूस इतका वाईट दाखवलाच कसा, हा होता. हे कळलं की ॲबी अर्धं कळलं.

कवी यीट्स आणि नाटककार लेडी ग्रेगरी यांचं हे थिएटर 1904 साली उघडलं, पैसा मात्र ॲनी हॉर्निमन या इंग्रज बाईंचा. 1925पासून सरकारी अनुदान. 1951मध्ये आग लागली आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत, म्हणजे 1966पर्यंत, मंडळी क्वीन्स थिएटरमध्ये बिऱ्हाड करून होती.

नवखे लोक ॲबीतच अडकतात, मीही अडकलो होतो. डब्लिनचंच गेट थिएटर (1928) बघ, तिथे युरोपातली नाटकं आली. आणि पश्चिम आयर्लंडमधल्या गॉलवेचं ड्रुइड तर चुकवूच नकोस. 1975मध्ये तिघांनी सुरू केलेली ही कंपनी राजधानीबाहेरची. त्या तिघांपैकी गॅरी हाइन्स 1998 साली नाटकाच्या दिग्दर्शनाचं टोनी (अमेरिकेतलं मोठं नाट्यपारितोषिक) मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. आयरिश भाषेतलं नाटक हवं असेल, तर त्याच गावात ‘तायवार्क’ हे थिएटर आहे. भाषा कळली नाही तरी जा.