छपाईला नव्वद हजार द्यावेत का?

अंबाजोगाईच्या एका ताईंचं पत्र आहे. कोर्टासमोर त्यांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. शपथपत्रं, जामीन अर्ज, जबाबांच्या नकला टाइप करता करता त्यांनी एका खुनाच्या तपासावर कादंबरी लिहिली. छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्या प्रकाशनाला ती आवडली. दोनच माणसं सगळं बघतात, असं ते प्रकाशन. त्यांनी ताईंपुढे दोन प्रस्ताव ठेवलेत. पहिला 'सहभागा'चा. एकूण खर्च १,८०,००० रुपये, त्यातले निम्मे म्हणजे ९०,००० ताईंनी द्यायचे. ५०० प्रती निघतील, १५० ताईंना मिळतील, उरलेल्यांच्या विक्रीतून जी रक्कम हाती येईल तिचे २५ टक्के मानधन, आणि पुस्तक चार महिन्यांत बाजारात. दुसऱ्यात ताईंनी काही द्यायचं नाही. पहिल्या १०० प्रतींवर मानधन नाही, पुढे छापील किमतीच्या ८ टक्के. पण पुस्तक यायला वर्ष लागेल. किंमत दोन्हींत ३०० रुपये. दसऱ्यापर्यंत कळवायचंय.

घरची बाजूही त्यांनी मोकळेपणी लिहिलीय. दुकानातून खर्च वजा जाता महिना २२,०००. यजमान एसटीत वाहक, हातात ३१,०००. मुलगी अकरावीत, लातूरला 'नीट'च्या क्लासला. तिची खोली-मेस धरून सगळ्या घराचा महिन्याचा खर्च ४५,०००. बारावीच्या वर्षाची फी १,६०,०००, ती जूनमध्ये भरायची. बँकेत ३,४०,००० ची मुदत ठेव, एका पतसंस्थेत ६०,०००. दुसरी कादंबरी अर्धी लिहून पडलीय, वेळ मिळत नाही. शेवटी लिहितात, 'जन्मात एकदा स्वतःसाठी पैसे काढतेय, हे चूक आहे का?'

ताई, चूक अजिबात नाही. स्वतःसाठी पैसे काढाच. फक्त ते प्रकाशकाला देऊ नका.

आधी पहिल्या प्रस्तावाचा कागद बघू, कारण सगळं त्यातच आहे. छपाई, कागद, बांधणी ५८,०००. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन १६,०००. मुखपृष्ठ ९,०००. संपादन २२,०००. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ५,०००. प्रकाशन सोहळा ३०,०००. जाहिरात आणि वितरण ४०,०००. बेरीज बरोबर एक लाख ऐंशी हजार.

आता यातलं पुस्तक तयार व्हायला रोख लागणारं वेगळं काढा: छपाई, जुळणी, मुखपृष्ठ. ८३,००० होतात. म्हणजे तुमच्या 'निम्म्या' रकमेत अख्खं पुस्तक छापून होतं आणि वर सात हजार उरतात. प्रकाशकाचा अर्धा वाटा कुठाय? संपादन ते स्वतः करणार आहेत. ते कष्टाचं काम आहे, त्याची किंमत मी नाकारत नाही, आणि तपासकथेत तर तेच काम पुस्तक तारतं. पण सोहळा आणि जाहिरात हे खर्च होतील तेव्हा होतील. आयएसबीएनचे पाच हजार तर मला कळलेच नाहीत. आपल्या देशात हा क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था फुकट देते. प्रकाशकालाही देते, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही देते. अर्ज भरायची मजुरी म्हणावी, तर तुमच्या दुकानात असला अर्ज भरायला तुम्ही किती घेता?

आता मिळकत. ३०० चं पुस्तक वितरकाला किंवा दुकानदाराला ३०० ला जात नाही. ४०-४५ टक्के सूट धरावीच लागते, ग्रंथालयांना पुरवणारे तर त्याहून जास्त मागतात. ४५ टक्के सूट गेली की प्रकाशकाच्या हाती १६५ येतात. त्याचे २५ टक्के म्हणजे एका प्रतीमागे सव्वाएक्केचाळीस रुपये. ३५० प्रती एकूण एक विकल्या तर तुम्हाला मिळतील १४,४३७. आणि तुमच्या १५० प्रती? त्यातल्या पन्नास तरी नातेवाईक, वकील मंडळी, परीक्षण लिहिणारे, 'आम्हाला नाही का दिलं?' म्हणणारे यांच्यात जाणारच. उरलेल्या शंभर २४० ने विकल्या तर २४,०००. एकूण ३८ हजारांच्या वर थोडे. ९०,००० घालून. समजा एकही प्रत फुकट दिली नाही, दीडशेच्या दीडशे पूर्ण किमतीला विकल्या आणि प्रकाशकाकडचीही एक उरली नाही, तरी साठ हजारांच्या आतच बसता. आवृत्ती संपूनही तोटा होतो, असा हा व्यवहार आहे. २५ टक्के हा आकडा दिसायला भारी, पण तो हाती आलेल्या रकमेवर आहे. दुसऱ्या प्रस्तावातले ८ टक्के छापील किमतीवर आहेत, म्हणजे प्रतीमागे २४ रुपये. ४०० प्रतींचे ९,६००. रक्कम लहान आहे, पण पदरचं काही जात नाही.

माझी खरी हरकत मात्र गणिताच्या पलीकडची आहे. ज्याचा पैसा अडकलेला असतो, तोच पुस्तक विकायला धावतो. पहिल्या प्रस्तावात पुस्तक छापून होण्याआधीच प्रकाशकाचा खर्च निघालेला असतो. मग ते गठ्ठे गोदामात पडले काय आणि लातूरच्या गंजगोलाईत विकले काय, त्यांच्या झोपेवर परिणाम होत नाही. दुसऱ्यात त्यांचे ८३,००० अडकतात. ते फोन करतील, वाचनालयांच्या याद्या काढतील, जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात टेबल मांडतील. म्हणून ते एक वर्ष मागतायत, आणि मला ते प्रामाणिक वाटतं.

प्रकाशक लबाड आहेत, असं मी म्हणत नाही. छोट्या प्रकाशनाचं जगणं अवघड असतं. वितरकाकडून पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, ग्रंथालयांची खरेदी अनुदान आलं की होते, आणि परत आलेल्या प्रतींचे कोपरे दुमडलेले असतात. लेखकाचे पैसे घेऊन गाडी चालू ठेवणं हा त्यांचा मार्ग झालाय. पण त्यांची भांडवलाची अडचण तुमच्या लेकीच्या फीमधून सुटायला नको.

आता तुमच्या ठेवीकडे येतो. ३,४०,००० मधून जूनची फी १,६०,००० बाजूला काढा. तीन महिन्यांचा खर्च, १,३५,०००, हात न लावता ठेवा. तुमच्या घराला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की तुमच्या दुकानातलं टायपिंग बसतं, आणि दिवाळीच्या सुट्टीतही तेच. उरले ४५,०००. पतसंस्थेतल्या पैशांचं शेवटी सांगतो; ते सोडले तर तुमच्याकडे खरोखर मोकळे आहेत ते एवढेच. ९०,००० दिले असते तर उरलेले पंचेचाळीस फीतून किंवा अडीअडचणीच्या पैशातून गेले असते, आणि जूनमध्ये सोनं गहाण ठेवायची वेळ आली असती.

हे ४५,००० तुमचे. यांचं काय करायचं ते तुमच्या पत्रातच आहे: 'दुसरी अर्धी पडलीय, वेळ मिळत नाही.' दुपारी दोन ते सहा दुकानात एखादी टायपिंग येणारी मुलगी ठेवा. अंबाजोगाईत महिना ६,००० ला मिळेल, असं तुम्हीच लिहिलंय. सहा महिन्यांचे ३६,०००. त्या चार तासांत दुकानाच्या मागच्या खोलीत बसून दुसरी पूर्ण करा. आधी दोन महिने करून बघा. मुलीमुळे दुकानाचं काम वाढलं तर खर्च आणखी कमी पडेल. लिखाण पुढे सरकलंच नाही, तर बारा हजारांवर थांबता येईल. छपाईला दिलेले नव्वद हजार असे मध्येच थांबवता येत नाहीत.

वेळेवर पैसा घाला असं मी म्हणतो, त्याला धंद्याचं कारण आहे. तपासकथा एकटी फार कमवत नाही. वाचनालयात एका वाचकाला तुमचा फौजदार आवडला की तो काउंटरवर विचारतो, याचं पुढचं आलंय का? पुढचं असेल तर पहिलंही पुन्हा फिरतं. मराठीत रहस्यकथा वाढल्या त्या मालिकेवर आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांवर. म्हणून तुमची पुंजी पहिली कादंबरी नाही, तिसरी आहे. आणि छोट्या प्रकाशनालाही एकाच नायकाची तीन पुस्तकं विकणं तीन अनोळखी पुस्तकं विकण्यापेक्षा सोपं जातं. दुसरी तयार होत आलीय हे त्यांना सांगा. तुमची बोलणी करायची ताकद त्यात आहे.

(जाता जाता एक: कथा १ जुलै २०२४ नंतर घडत असेल तर खुनाला ३०२ लिहू नका, भारतीय न्याय संहितेत ते कलम १०३ आहे. तुम्हाला हे रोजच्या टायपिंगमुळे ठाऊक असणार, पण संपादक जुन्या सवयीने 'दुरुस्त' करून ठेवेल.)

करारनाम्याचा मसुदा तुम्ही सोबत जोडलात, ते फार बरं केलंत. त्यातली दोन कलमं मला मानधनाच्या टक्क्यापेक्षा महत्त्वाची वाटतात.

सातवं म्हणतं, 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.' हे मुळीच देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने उभा आहे, आणि 'कायमस्वरूपी' हा एक शब्द त्याला बाजूला सारतो. फक्त मराठी छापील पुस्तकाचे हक्क द्या, पाच वर्षांसाठी. ऑडिओ, ई-बुक, भाषांतर, सिनेमा-वेब मालिका हे सगळं स्वतःकडे ठेवा. गुन्हेकथेत मोठा पैसा आलाच तर तिकडून येतो. येईल असं मी म्हणत नाही, आणि तुमच्या हिशेबात मी त्याचा एक रुपयाही धरलेला नाही. पण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क चालतो. तो तुमच्या लेकीचा आहे, तो ९,६०० रुपयांत जाऊ नये.

अकरावं कलम म्हणतं की पुस्तकावरून कोणी दावा केला तर सगळा खर्च आणि भरपाई लेखकाने द्यायची. याला वरची मर्यादा नाही. तुमच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं, कारण तुम्ही खरी कागदपत्रं हाताळता. तालुक्याच्या गावात कोणाची गोष्ट कोणाची आहे, हे चहाच्या टपरीवर दोन दिवसांत ओळखलं जातं. बदनामीचा दावा ही ठेव मोडायला लावणारी गोष्ट आहे. आणि लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख कळेल असं काही छापणं हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे, न्याय संहितेचं कलम ७२. तेव्हा गाव, नातं, धंदा, हत्यार, साल हे सगळं बदला. पुस्तक छापायला जाण्याआधी ओळखीच्या एखाद्या वकिलाला वाचायला द्या. अख्खं कोर्ट तुमच्या दुकानासमोर आहे, कोणीतरी फुकट वाचेल. आणि करारात लिहून घ्या की तुमची जबाबदारी तुम्हाला मिळालेल्या मानधनापुरतीच राहील. प्रकाशक थोडी कुरकुर करतील, पण शेवटी मध्ये कुठेतरी जमेल.

कराचं विचारलंत. लेखकांच्या मानधनाला तीन लाखांपर्यंत वजावट आहे, पण ती जुन्या करपद्धतीत. तुमचं स्वतःचं उत्पन्न बघता दोन्हींत कर शून्य येतो. त्यावर वेळ घालवू नका.

एक मात्र करा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. कादंबरीही त्यात बसते. करारावर सही करण्याआधी त्यांचे नियम आणि अर्जाची मुदत बघून घ्या, कारण पुस्तक एकदा छापलं की तो रस्ता बंद होतो. मिळण्याची खात्री नाही, पण अर्जाला पोस्टाचाच खर्च आहे.

तर दसऱ्याआधी प्रकाशकांना कळवा: दुसरा प्रस्ताव मान्य, सातवं आणि अकरावं कलम बदलून. पहिल्या शंभर प्रतींवर मानधन नाही ही अट पन्नासवर आणता येईल का ते विचारा. लेखकाच्या प्रती ४० टक्के सुटीने हव्यात तेवढ्या मिळाव्यात. तशा १८० ला घेऊन २४० ला विकल्या तर प्रतीमागे साठ सुटतात, मानधनापेक्षा जास्त. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब मिळेल, हेही करारात हवं. त्यांनी नकार दिला तर दुसरी पूर्ण होईपर्यंत थांबा आणि दोन्ही घेऊन दुसरीकडे जा.

राहता राहिले पतसंस्थेतले साठ हजार. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नाही. आपल्या बीड जिल्ह्यात जास्त व्याजाच्या मागे लागून लोकांचं काय झालं, हे तुम्ही टाइप केलेल्या तक्रारींतच वाचलं असेल. मुदत कधी संपते ते बघा. आत्ताच मोडून व्याज थोडं बुडत असेल तरी मोडा, आणि पैसे रोख न घेता बँकेच्या खात्यात वळते करून घ्या.