तिन्ही वेळा त्याच जागी न्यूमोनिया

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. दोन वर्षांत तीनदा न्यूमोनिया झाला, तिन्ही वेळा डाव्या फुप्फुसात, खालच्या बाजूला. टीबीची तपासणी दोनदा निगेटिव्ह आली. साधा सीटी स्कॅन झालाय. आता डॉक्टर इंजेक्शन देऊन सीटी अँजिओग्राफी करा म्हणतात, ‘रक्तवाहिनी बघायची आहे’. आजार फुप्फुसाचा, मग रक्तवाहिनी कशाला? परत रेडिएशन, परत खर्च. करावी का?
– एक आई, तासगाव

उत्तर : करा ताई. ‘तिन्ही वेळा त्याच जागी’ हे तुम्ही लिहिलंत, तिथेच माझे कान टवकारले. न्यूमोनिया जागा बदलत असेल तर विचार वेगळा. त्याच कोपऱ्यात परत परत होत असेल तर त्या कोपऱ्यातच काहीतरी बिघाड असतो. कधी श्वासनळीत अडकलेला शेंगदाणासुद्धा निघतो! पण तुमच्या डॉक्टरांच्या मनात बहुधा पल्मनरी सिक्वेस्ट्रेशन आहे.

यात फुप्फुसाचा एक तुकडा जन्मतःच वेगळा पडलेला असतो. नेहमीच्या श्वासनळीशी त्याची नीट जोडणी नसते, आणि रक्तही फुप्फुसाच्या धमनीतून न येता थेट महाधमनीतून (हृदयातून निघणारी शरीराची मुख्य रक्तवाहिनी) येतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर वाफा आपल्या रानात, पण पाणी भलत्याच पाटाचं. तेही जोराचं : फुप्फुसाच्या धमनीत वरचा दाब साधारण 25 असतो, महाधमनीत 120 च्या आसपास. आत साचलेला स्राव बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तिथे वारंवार जंतुसंसर्ग होतो. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग ही याची आवडती जागा.

साध्या सीटीत गाठ, पोकळी, डाग दिसतो. तो पाट मात्र सहसा ओळखू येत नाही. त्यासाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलं जाणारं औषध) सोडून, ते महाधमनीत पोचतं त्याच वेळी चित्रं घ्यावी लागतात. इंजेक्शन जाताना अंगभर गरम वाटतं, मुलाला आधी सांगून ठेवा. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीच्या साध्या स्कॅनवर मी ‘जुन्या संसर्गाचा व्रण’ असं लिहून मोकळी झाले. स्कॅन श्वासपटलापाशीच (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) थांबवला होता, तेही मी चालवून घेतलं. पुढे कॉन्ट्रास्ट दिल्यावर पेन्सिलीएवढी धमनी दिसली, पोटातल्या महाधमनीतून निघून श्वासपटल भेदून वर गेलेली. तेव्हापासून मी तंत्रज्ञाला बजावते, पोटाचा वरचा भाग घेतल्याशिवाय टेबल हलवायचं नाही. तुम्हीही तेवढं विचारा. ही धमनी ठाऊक नसताना शस्त्रक्रियेत कापली गेली, तर तिचं टोक आखडून पोटात जातं आणि रक्तस्राव आवरणं अवघड होतं. म्हणून सर्जनला दोन गोष्टी हव्या असतात : रक्त येतं कुठून आणि परत जातं कुठे.

रेडिएशनची काळजी रास्त आहे. ‘लहान मुलांचा डोस लावा’ असं स्पष्ट सांगा. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, धमनीही दिसू शकते. पण बराच वेळ स्थिर पडून राहावं लागतं आणि फुप्फुसाचा बारकावा सीटीइतका मिळत नाही.

जाताना जुन्या स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको.