झील कोण धरणार?

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, पोवाडा म्हणताना आजोबा मध्येच 'जी जी रं जी' का म्हणायचे? त्याचा अर्थ काय?" मी बसमध्ये होतो, "तसंच म्हणतात गं" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

अर्थ असा काही नाही, होकार समज. शाहीर डफावर थाप मारत कडवं म्हणतो, मागे तुणतुणं घेऊन उभे असलेले झीलकरी शेवटची ओळ उचलून सूर लांबवतात. याला झील धरणं म्हणतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो, आणि समोरच्यांचे चेहरे बघून पुढचं काय गाळायचं तेही ठरवतो! गर्दी रंगली की तीही झील धरते. मग ते गाणं एकट्या शाहिराचं राहत नाही. परवाच्या तुमच्या मोर्च्यात एक जण विचारत होता आणि बाकीचे ओरडत होते ना, तसंच काहीसं.

आजोबांच्या कानावर हे पडलं लालबागच्या चाळीत, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. १९५६ साली ते चौदा वर्षांचे होते. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ पासूनचं, तमाशाच्या ढंगात कामगारांचे प्रश्न मांडणारं. तमाशा गणपतीच्या वंदनाने सुरू व्हायचा. अण्णाभाऊंनी तिथे मायभूमी आणि शिवराय आणले, गवळण, म्हणजे कृष्ण आणि गवळणींचा भाग, काढूनच टाकली. ढोलकी मात्र तीच ठेवली, कारण कामगारांचे पाय तिच्यावरच हलायचे. (सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळींच्या जलशांनीही, म्हणजे गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमांनीही, आधी तमाशात आपापले बदल केले होते. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, आजोबांची सगळ्यात आवडती. बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या माणसाचा विरह. गिरणगावात अशी माणसं खोलीखोलीत होती, त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. आणि शेवटी कळतं की मैनेसारखीच ताटातूट महाराष्ट्राचीही झालीय, बेळगाव-कारवार-निपाणी बाहेर राहिलंय. भाषावार प्रांतरचनेवरचं तासाभराचं भाषण माणूस घरी जाईपर्यंत विसरला असता. १ मे १९६० ला राज्य झालं, मुंबई मिळाली. बेळगाव अजून गावावरच आहे.

इथे लेस्टरला आल्यावर आजोबा स्वयंपाकघरात एकटेच गायचे आणि झीलही स्वतःच धरायचे. आम्ही हसायचो. मीसुद्धा.

सुट्टीत येशील तेव्हा माळ्यावरचा डफ काढून ठेवतो. कातडं सैल पडलंय, हीटरजवळ शेकवून बघू.

तुझा,
बाबा