नागपुरात डिजिटल चित्रं आणि गोष्टींमधून हवामानबदलाच्या कामाला लोकांचा पाठिंबा मिळवता येईल का? सुरुवात कशी करावी?

नक्कीच येईल, फक्त हिमनग आणि ध्रुवीय अस्वल काढू नका. आपल्याकडची गोष्ट 23 सप्टेंबर 2023 ची आहे. त्या रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरलं. भिंतीवरची गाळाची रेघ, गच्चीवर वाळत घातलेली पोरांची दप्तरं, एवढं काढलं तरी माणूस थांबून बघतो. पण सगळा दोष पावसावर ढकलू नका, नाग नदीचं आक्रसलेलं पात्रही त्याच चित्रात यायला हवं, नाहीतर लोकांचा विश्वास बसणार नाही.

आकडेवारीसाठी ब्रिटनचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांच्या 2018 च्या तापमान-पट्ट्या बघा. एका वर्षाला एक पट्टी, थंड वर्ष निळं, तापलेलं लाल, आकडा एकही नाही. नागपूरच्या तापमानाच्या तशाच पट्ट्या करता येतील.

मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांमधून, म्हणजे मिरवल्या जाणाऱ्या पुतळ्यांमधून, चालू प्रश्न मांडायची आपली जुनी रीत आहे. ॲनिमेशनसाठी मला याहून चांगला साचा दिसत नाही. आवाज आपल्या बोलीतला ठेवा. आणि शेवटी एकच ठोस मागणी करा, जसं मे महिन्यात बसथांब्यांवर सावली आणि पिण्याचं पाणी. ती नगरसेवकाकडे नेता येते.