लंडन ते सिडनी: तिकिटावर दिसणारे ३४ तास खरे किती?

नवीन नोकरीसाठी तिघे लंडनहून सिडनीला जाताय आणि प्रवास १९ तासांचा की ३४, असं विचारलंत. तुमचं गणित चुकलं नाहीये. १७,००० किमीला ताशी ९०० ने भागलं की १९ तासच येतात, पण तिकिटावर सोमवारी रात्री ९ ला निघून बुधवारी सकाळी ७ ला पोच दिसली आणि पाच वर्षांच्या पोराला घेऊन ३४ तास कसं बसायचं म्हणून तुम्ही धसका घेतलात. अहो त्यातले ११ तास नुसते घड्याळाचे आहेत. जानेवारीत सिडनी लंडनच्या ११ तास पुढे असते, ते वजा करा, उरले २३, आणि त्यातले दोन सिंगापूरच्या एअरपोर्टवर. (जुलैत हाच फरक ९ तास होतो, ऑक्टोबरमध्ये मधेच काही आठवडे १०, आणि तेव्हा मी फोनच्या वेळा दरवर्षी चुकवतो.)

सिंगापूरमुळे लांबचा फेरा पडतो असं वाटतं ना, तर तसं फारसं नाहीये. लंडन-सिंगापूर साधारण १०,९०० आणि पुढे सिडनी ६,३००, म्हणजे सरळ रेषेपेक्षा दोनेकशे किमीच जास्त. नॉनस्टॉप हवंच असेल तर लंडन-पर्थ आहे, २०१८ पासून, १४,५०० किमी, जवळपास १७ तास एका सीटवर, आणि वर पर्थहून सिडनी अजून चारेक तास. लहान मूल असताना मी तरी नाही घेणार. परतीला उलटी गंमत, सोमवारी दुपारी ४ ला निघून मंगळवारी पहाटे ५ ला लंडन, तिकिटावर फक्त १३ तास! प्रत्यक्षात घड्याळाचे ११ मिळवून २४, म्हणजे जाण्यापेक्षा तासभर जास्त, कारण वरच्या हवेतले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि परतीला ते समोरून लागतात.

आता खरं महत्त्वाचं. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवू नका. मी वाचवले होते. पहिलं विमान तीन तास लेट, बॅगा बेल्टवरून उचलून पळत दुसऱ्या काउंटरवर गेलो तर ते बंद, आणि दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी मी आलोच नव्हतो, नो-शो. रात्र बॅगेवर बसून काढली आणि सकाळी नवीन तिकीट, जे वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, असती तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची होती. शिवाय दोन तासांचा हॉल्ट पोराबरोबर कमीच, चार-पाच तासांचा मिळाला तर तो घ्या.

झोपेचं म्हणाल तर पहिल्या फ्लाइटमध्ये पोरगा आपोआप झोपेल, लंडनची रात्रच असते ती, पण सहा-सात तासांनी उठवा, सिंगापूरला मनसोक्त पळू दे. दुसरी फ्लाइट म्हणजे सिडनीची रात्र पण त्याच्या अंगाला दुपार, तिथे दमलेला असला तरच डोळा लागेल. आणि हॉटेल बुधवारचं नाही, मंगळवार रात्रीपासूनचं बुक करा. सकाळी ७ ला उतरलात तर रूम दुपारी २-३ शिवाय देत नाहीत, आणि तोपर्यंत लॉबीत सोफ्यावर तिघेही आडवे व्हाल. जॉइनिंग पण गुरुवारची देऊ नका, पुढचा सोमवार मागा.