बाबांच्या पोह्यांवरचं जिरावण

प्रश्न : माझे सासरे 69 वर्षांचे आहेत. तीस वर्षं कापड गिरणीच्या रंगखात्यात होते. यंदा लघवीतून रक्त गेलं, तपासणीत मूत्राशयात गाठ निघाली, ती दुर्बिणीतून काढली. कॅन्सर आहे, पण स्नायूपर्यंत गेलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता दर गुरुवारी मूत्राशयात बीसीजी नावाचं औषध सोडतात. सहापैकी दोन डोस झाले. खाण्याबद्दल 'सगळं खाऊ द्या, पाणी भरपूर' एवढंच सांगितलंय. पण नातेवाइकांनी दूध, साखर, चहा, पोहे सगळं बंद करायला लावलं. सकाळी दुधीचा रस, संध्याकाळी गव्हांकुरांचा. नणंदबाईंनी उज्जैनहून जडीबुटीचं चूर्ण पाठवलंय. सव्वा महिन्यात वजन 4 किलो उतरलं. बाबा सारखे चिडतात. विडी मात्र आता दिवसाला दोनच ओढतात, पूर्वी बंडल लागायचं. त्यांना डायबिटीसही आहे. लघवीला जळजळ फार होते. नेमकं काय द्यावं? आणि बीटाने रक्त वाढतं की कमी होतं?
— एक सून, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी 'दोनच' या शब्दावर अडकले. दूध गेलं, साखर गेली, पोहे गेले आणि विडी तेवढी राहिली! चोराच्या धास्तीने देवघराला कुलूप लावायचं आणि पुढचं दार सताड उघडं ठेवायचं, त्यातली गत.

विडीच्या धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं ती गाळून खाली पाठवतात आणि लघवी मूत्राशयात तासन् तास साठते तेवढा वेळ आतलं अस्तर त्यात भिजत राहतं. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतो, हे जर्मनीतल्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने 1895 मध्येच नोंदवलं होतं. त्या रंगांतली आणि धुरातली रसायनं एकाच घराण्यातली. म्हणजे बाबांना दोन्हीकडून मार बसलाय. गिरणी सुटली, विडी सुटायची आहे. ओढत राहिलं तर गाठ परत उगवण्याचा धोका वाढतो, म्हणून दोनसुद्धा नकोत. सरकारची तंबाखू सोडवणारी मोफत लाइन आहे, 1800-112-356; फोन त्यांच्याकडूनच लावून घ्या, तुम्ही बोललात तर ते 'सूनबाईंची कटकट' म्हणून सोडून देतील. आणि रंगखात्यातल्या नोकरीबद्दल डॉक्टरांना सांगितलं नसेल तर सांगा.

आता मला हे सांगायचा हक्क कुठून आला, तेही लिहिते. सव्वीस वर्षं मी इथल्याच एका हॉस्पिटलात डाएटिशियन होते. सात वर्षांपूर्वी आमच्या यांना हाच आजार निघाला, अशाच टप्प्यावर. इतरांना शहाणपण शिकवणारी मी, स्वतःच्या घरात पहिले पंधरा दिवस सगळं विसरले. तेल बंद, गोड बंद, मीठ चिमूटभर. सोळाव्या दिवशी यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "आजार मला झालाय, आणि शिक्षाही मलाच?" त्या दिवसापासून मी मनात दोन वह्या वेगळ्या ठेवल्या. एक आजाराची, एक जळजळीची. तुमच्या नातेवाइकांनी या दोन्ही एकाच दोऱ्यात शिवल्यात.

आजाराच्या वहीत खाण्यापिण्याचं फार थोडं आहे. तंबाखू पहिल्या ओळीवर. दूध नाही. साखर नाही, साखरेने गाठ पोसते म्हणून ती तोडली तरी शरीर भाकरीतून, डाळीतून ग्लुकोज बनवणारच. बाबांना साखर कमी ठेवायची ती डायबिटीससाठी, तेवढीच. कॉफीवर 1991 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दल संशय घेतला होता, 2016 मध्ये तो मागे घेतला. साखरेऐवजीच्या सॅकरिनच्या गोळ्यांचंही तसंच. सत्तरच्या दशकात उंदरांना गाठी झाल्या म्हणून ओरड झाली. पुढे कळलं की तो प्रकार उंदरांच्या लघवीपुरता आहे, आणि अमेरिकेने 2000 मध्ये ते नाव धोक्याच्या यादीतून काढलं.

मला तुमच्या पत्रात विडीखालोखाल कशाची काळजी वाटली असेल तर त्या 4 किलोंची. डॉक्टरांच्या कानावर घाला, पण आधी ताटात बघा. या वयात उतरलेलं वजन बरंचसं स्नायूंचं असतं आणि उपचार सोसायला तेच लागतात. दोन्ही वेळा घट्ट वरण, एक वाटी दही, शिजवलेली मटकी, पनीर, चालत असेल तर अंडं. दूध उद्यापासून सुरू करा. भाजी-पपई असू द्या, पोट साफ राहायला हवं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर काही आठवडे कुंथण्याने पुन्हा रक्त येऊ शकतं, शिवाय भरलेलं आतडं मूत्राशयाला टोचतं.

जळजळीच्या वहीत मात्र चहा, कॉफी, तिखट, आंबट, सोड्याची पेयं, दारू, काहींना त्या साखरेऐवजीच्या गोळ्यासुद्धा. यांनी कॅन्सर वाढत नाही, आधीच सोललेल्या अस्तराला झोंबतं इतकंच. आणि प्रत्येकाला वेगळं झोंबतं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायची: निळ्या पेनाने त्या दिवशीचा संशयित पदार्थ, लाल पेनाने रात्री कितीदा उठले. एका वेळी एकच पदार्थ आठवडाभर बंद, मग परत सुरू. महिन्याने पान उलटलं तेव्हा गंमत दिसली. लिंबाचं लोणचं, ज्याच्यावर मी पहिल्यांदा झडप घातली होती, ते निर्दोष. सकाळचा चहाही निर्दोष. लाल पेनाचे आकडे वाढले होते ते संध्याकाळी सहानंतरच्या दुसऱ्या कपाने आणि मठ्ठ्यात ठेचून घातलेल्या हिरव्या मिरचीने. तेवढ्या दोनच गोष्टी गेल्या.

पोह्यांचंही असंच करून बघा. आपले इंदुरी पोहे वाफेवरचे, हलके, त्यांच्यात वावगं काही नाही. माझा संशय जिरावणावर. (पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं: जिरावण म्हणजे जिरं, धने, आमचूर, काळं मीठ, लाल मिरची वगैरेंची पूड, इथे ती पोह्यांपासून गराडू नावाच्या तळलेल्या कंदापर्यंत सगळ्यावर भुरभुरतात.) मिरची आणि आमचूर एकाच चिमटीत म्हणजे जळजळीला आमंत्रण. आठ दिवस बाबांना पोह्यांवर शेव, कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे द्या आणि जिरावण लपवा. फरक पडला नाही तर डबी परत करा. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत न्या, पण बाहेरची कच्ची चटणी सध्या नको. सराफा बाजारातली शिकंजी आंबट म्हणून कुणी बंद केली असेल तर हसावं लागेल, आपल्याकडची शिकंजी आटवलेल्या दुधाची असते! डायबिटीसमुळे दोन घोट, एवढंच.

पाण्याचं 'भरपूर' मात्र नीट मोजा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर. आमच्या घरी पाऊण लिटरचा तांब्या आहे; तीन तांबे, तेही संध्याकाळी सातच्या आत, मग रात्री घोटभर. जळजळते म्हणून पाणी कमी केलं की लघवी आणखी घट्ट आणि आणखी जळजळ. रंग फिकट लिंबू सरबतासारखा हवा.

गुरुवारचा हिशेब उलटा. बीसीजी म्हणजे बाळाच्या दंडावर देतात तीच लस. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये ती मूत्राशयात वापरून दाखवली. औषध दोन तास आत राहायला हवं, आणि लघवी भरत गेली तर ते पातळ होतं. म्हणून आधीचे चार तास पाणी-चहा नाही. बाबा डायबिटीसचे, उपाशी ठेवू नका. दशमी किंवा थालीपिठासारखं कोरडं खाऊ द्या, गोळ्या कधी घ्यायच्या ते आधीच विचारून ठेवा. दोन तास झाले की तांब्या हातात द्या. पुढचे सहा तास बसून लघवी करायची आणि दर वेळी संडासाच्या भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं, मगच पाणी सोडायचं. ताप 101 च्या वर गेला, किंवा दोन दिवसांत उतरला नाही, तर लगेच फोन.

दुधीचा रस आजच बंद. दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी असतो, आपल्या देशात त्याने माणसं दगावली आहेत. चणाडाळ घालून भाजी करा, चिरताना तुकडा चाखून बघा. गव्हांकुरांनी नुकसान नसेल, पण त्या पेल्याने भूक मरत असेल तर नकोच. चूर्ण परत करा. नणंदबाईंचा राग येईल, येऊ द्या. पुडीवर घटक छापलेले नसतील तर आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि ईश्वरी नावाची वेल अशा पुड्यांत असली तर तिच्यातलं अ‍ॅरिस्टोलोचिक आम्ल मूत्रपिंड खराब करतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सरही करतं.

डायबिटीसच्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा. त्यात पायोग्लिटाझोन असेल तर मूत्राशयाचा कॅन्सर चालू असताना ते घेऊ नये असं आहे. स्वतःहून मात्र थांबवू नका.

राहिलं बीट. रक्त वाढतही नाही, कमीही होत नाही, पण घाबरगुंडी जरूर उडते. आमचे हे एकदा पहाटे न्हाणीघरातून ओरडले, "अगं, परत सुरू झालं!" मी चप्पल शोधतेय, ऑटो बोलवायचा म्हणून मुलगा फोन चाचपतोय, आणि मला आदल्या रात्रीची बीटाची कोशिंबीर आठवली. दोन वाट्या खाल्ल्या होत्या यांनी. दुपारपर्यंत रंग नेहमीचा. तेव्हा बीट द्या, पण दिलं त्या दिवशी कॅलेंडरवर 'बीट' लिहा. बीट न खाता लाल दिसलं, गुठळ्या दिसल्या, किंवा खाऊनही दुसऱ्या दिवशी उतरलं नाही, तर थेट डॉक्टरांकडे. आणि गुरुवारच्या आदल्या दिवशी बीट नकोच, कारण लघवीत ताजं रक्त असेल तर त्या दिवशी बीसीजी देत नाहीत.