टेक्सासला येण्याआधी: बारा तास, अठरा इंच आणि चार सूत

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात आठ वर्षं ऑफिसं, क्लिनिकं, बँकेच्या शाखा यांची इंटिरिअरची कामं केलीस. नवऱ्याची कंपनी त्याला डॅलसला पाठवतेय आणि एल-टूवर (जोडीदाराच्या व्हिसावर) तूही काम करू शकशील. निघायच्या आधी ॲक्सेसिबिलिटी, वेलनेस आणि सस्टेनेबिलिटीचे ऑनलाइन कोर्स करून तिकडे सक्तीच्या असलेल्या सततच्या शिक्षणाचे 'तास' साठवावेत असं तुझ्या मनात आहे, तर कुठले करू, ताई?

मी अकरा वर्षांपूर्वी सांगलीहून ह्यूस्टनला आले तेव्हा हीच घाई केली होती. म्हणून आधी पैशांचं बोलते: तास साठवण्यासाठी आत्ता एक रुपयाही घालवू नकोस.

तास मोजले जातात ते नोंदणी झाल्यानंतर. टेक्सासमध्ये स्वतःला इंटिरिअर डिझायनर कुणीही म्हणवून घेऊ शकतं. 'रजिस्टर्ड इंटिरिअर डिझायनर' ही ओळख मात्र टेक्सास बोर्ड ऑफ आर्किटेक्चरल एक्झामिनर्सकडे नोंदणी असेल तरच लावता येते, आणि त्या नोंदणीची वाट एनसीआयडीक्यू या इंटिरिअर डिझायनरांच्या पात्रता परीक्षेतून जाते. परीक्षेचे तीन भाग आहेत, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होतात. चार वर्षांची पदवी असेल तर त्याबरोबर ३,५२० तासांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. तुला खरं कामाला येणारे तास हे आहेत. तेव्हा कोर्स शोधण्याआधी विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट काढायला घे (तिथल्या खिडक्यांचा अनुभव तुला असेलच, दोन महिने धर), आणि जिथे जिथे काम केलंस तिथून तारखा, आठवड्याचे तास आणि तुझ्या कामावर देखरेख कुणाची होती, हे सगळं लिहिलेलं लेटरहेडवरचं पत्र घे. साहेब अजून ओळखतायत, फोन उचलतायत, तोवरच हे होतं. व्हिसाचंही एक सांगून ठेवते. एल-टू जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं वर्क परमिट लागत नाही, पण उतरल्यावर आय-९४ वर, म्हणजे तुझ्या प्रवेशाच्या नोंदीवर, 'एल-टू-एस' लिहिलंय ना ते बघ.

नोंदणी झाली की दर वर्षी १२ तासांचं शिक्षण सक्तीचं. त्यातले किमान ८ रीतसर अभ्यासक्रमाचे, बाकीचे स्वतः अभ्यास करून चालतात. विषय आरोग्य, सुरक्षा आणि लोककल्याणाशी निगडित हवेत. त्यातही एक तास ॲक्सेसिबिलिटीचा आणि एक तास शाश्वत किंवा ऊर्जा वाचवणाऱ्या डिझाइनचा हवाच. बोर्ड अधूनमधून कुणाचीही तपासणी लावतं, म्हणून प्रमाणपत्रं पाच वर्षं जपायची. आयआयडीए किंवा एएसआयडी या डिझायनरांच्या संघटनांची सभासद झालीस तर तिथला हिशेब वेगळा: आयडीसीईसी नावाची संस्था कोर्स मंजूर करते आणि एका तासाला ०.१ सीईयू (अशा शिक्षणाचं एकक) देते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं आपले दहापैकी नऊ गुण कापले.

हे तास मिळवणं अवघड नाही. कुठल्याही बऱ्या ऑफिसात दुपारी कार्पेटवाला, लाइटवाला, नाहीतर खुर्च्यांवाला जेवण घेऊन येतो, तासभर स्लाइड दाखवतो, सह्या घेतो, आणि तास तुझ्या खात्यात जमा. याला 'लंच अँड लर्न' म्हणतात. शाकाहारी पाकिटात बहुतेक वेळा दोन पावांमध्ये कोबीचा नातेवाईक असतो. मी आपला डबा नेते. फुकट आहे, वाईट नाही, पण कार्पेटवाल्याने घेतलेला सस्टेनेबिलिटीचा तास शेवटी कार्पेटपाशीच येऊन थांबतो, एवढं ध्यानात ठेव.

मग आत्ता शिकायचं काय? ॲक्सेसिबिलिटी. आणि तीही कोर्समधून नको, मूळ नियमातून शिक.

इथे एडीए हा अपंगांसाठीचा १९९० चा नागरी हक्कांचा कायदा आहे. त्याच्या २०१० च्या मानकांप्रमाणे काम नसेल तर दावा होतो. टेक्सासमध्ये त्याच्या जोडीला राज्याचं टीएएस, म्हणजे टेक्सास ॲक्सेसिबिलिटी स्टँडर्ड्स. ५०,००० डॉलर किंवा जास्त खर्चाचं काम राज्याच्या टीडीएलआर खात्याकडे नोंदवावं लागतं. परवानाधारक तज्ज्ञ आधी ड्रॉइंग तपासतो आणि काम संपल्यावर टेप घेऊन साइटवर येतो. ५०,००० च्या आतलं काम तपासलं जात नाही, पण नियम त्यालाही तेच.

माझी पहिली फजिती अशाच टेपने झाली. एका दातांच्या दवाखान्याचं काम होतं. आपल्याला सवय काय, तर चौरस फुटाचा भाव डोक्यात ठेवून इंच न् इंच वापरायचा आणि स्टोरेज थेट दाराच्या चौकटीला भिडवायचं. मी तेच केलं. दार आपल्याकडे ओढून उघडायचं असेल तर कडीच्या बाजूला १८ इंच भिंत मोकळी लागते, कारण व्हीलचेअरवरच्या माणसाला बाजूला सरून दार ओढायला जागा हवी. माझ्या कपाटाने तिथे १४ इंच सोडले होते. चार इंचांपायी लावलेलं कपाट उतरवलं आणि नवीन केलं. क्लायंट मला काही बोलला नाही, माझ्या बॉसशी बोलला. ती मोकळी भिंत मला वाया गेलेली जागा वाटायची. आता प्लॅन हातात आला की मी आधी दारंच बघते.

अशी मापं अंगात मुरवायची तर पुण्यात बसूनच मुरव. व्हीलचेअर वळायला ६० इंचांचं वर्तुळ. दार उघडल्यावर ३२ इंच मोकळे. काउंटरचा एक भाग ३६ इंचांपेक्षा उंच नको, म्हणजे बँकेच्या शाखांत आपण जो रुबाबदार ४२ इंची काउंटर करतो त्याला एक खालची पायरी हवीच. जमिनीपासून २७ ते ८० इंचांच्या पट्ट्यात भिंतीवरून ४ इंचांपेक्षा जास्त काही बाहेर येता कामा नये. काठीने चाचपत चालणाऱ्याला काठी खाली फिरवून वर लटकलेला दिवा किंवा टीव्ही कळत नाही, तो थेट कपाळावर येतो. उंबरठा जास्तीत जास्त अर्धा इंच, आणि त्यातलाही पाव इंचाच्या वरचा भाग उतरता. आपल्या सुताराच्या भाषेत चार सूत, त्यातले वरचे दोन सूत तासलेले. सगळं आयुष्य मिलिमीटरमध्ये ड्रॉइंग काढलंस तरी साइटवर तू फूट, इंच आणि सुतातच बोलत आलीस, त्याचा इथे फार उपयोग होतो.

एडीए आणि टीएएस ही दोन्ही मानकं सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत. यूएस ॲक्सेस बोर्ड ही १९७३ ची केंद्रीय संस्था, तिची वेबिनारंही फुकट असतात. आपल्याकडची ॲक्सेसिबिलिटीची २०२१ ची हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स शेजारी उघडी ठेवून तुलना करत वाच. आणि आकडे पाठ झाले म्हणून निश्चिंत होऊ नकोस. ए११७.१ या ॲक्सेसिबिलिटीच्याच दुसऱ्या अमेरिकन मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत नव्या बांधकामासाठी ते ६० चं वर्तुळ ६७ झालंय, टीएएसमध्ये अजून ६० च आहे. दर वर्षीच्या त्या एका सक्तीच्या तासाचा अर्थ मला अशा वेळी पटतो.

सस्टेनेबिलिटीसाठी एकच परीक्षा आधी देऊन ये: लीड ग्रीन असोसिएट (लीड म्हणजे हरित इमारतींचं मानांकन). तिला अनुभवाची अट नाही, घरून ऑनलाइन देता येते, आणि बायोडेटा वाचणाऱ्याला चटकन कळतं. ती टिकवायला दोन वर्षांत १५ तास लागतात, त्यातले ३ लीडचेच. एप्रिल २०२५ मध्ये लीडची पाचवी आवृत्ती आली आहे, तेव्हा जुन्या नोट्सवर विसंबू नकोस. वर्गात शिकवत नाहीत ती गोष्ट म्हणजे ईपीडी वाचणं. एखादी टाइल बनवताना किती कार्बन गेला याचा तिसऱ्याने तपासलेला दाखला. कमर्शिअल इंटिरिअर काही वर्षांनी भाडेकरू बदलला की उखडून फेकलं जातं, त्यामुळे आपला कार्बन असा हप्त्याहप्त्याने मोजावा लागतो.

वेलनेसचं मात्र थांब. वेल हे आरोग्यदायी इमारतींचं मानक २०१४ पासून आहे, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत हवा, पाणी, प्रकाश, आवाज, मन अशा दहा संकल्पना आहेत, आणि मला ते मनापासून आवडतं. पण वेल एपी, म्हणजे त्याची प्रमाणित जाणकार, झालीस की दोन वर्षांना ३० तास मागे लागतात. मोठ्या कॉर्पोरेट ऑफिसांची कामं करणाऱ्या फर्ममध्ये लागलीस तर बहुधा तेच फी भरतील. नोकरीच्या आधी स्वतःच्या खिशातून करण्यासारखं हे नाही.

तू लिहिलंयस त्या कोथरूडच्या क्लिनिकचा टॉयलेट प्लॅन मला पाठव. नावं काढून टाक. मी त्यावर लाल शाईने ६० चं वर्तुळ काढून परत पाठवते, मग दार कुठे सरकवायचं ते तूच सांग.